सल्ला : त्रेसष्ट मॉड आणि अडलेला ट्रक

वाचकाचे पत्र, थोडक्यात : यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात हे २४ वर्षांचे वाचक घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान चालवतात. वडिलांनी तीस वर्षे ट्रक चालवला, बहुतेक वेळा कापसाच्या गाठी घेऊन. गुडघे गेल्यावर ते घरी बसले. दोन वर्षांपासून रोजचे दुकान मिटले की त्याच संगणकावर मुलगा ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ खेळतो आणि वडील शेजारी खुर्ची टाकून गिअर, ब्रेक, वळण यांवर टिप्पणी करतात. खेळात भारतीय रस्त्यांचा नकाशा, देशी ट्रक, हॉर्न, रहदारी असे एकूण ६३ मॉड, म्हणजे मूळ खेळात भर घालणाऱ्या जोडफाइली, घातलेले आहेत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून लोडिंगची पट्टी पाऊण भरून थांबते. कधी खेळ सुरू झालाच, तर एका ठरावीक शहराजवळ किंवा अर्ध्या-पाऊण तासाने चित्र गोठते आणि बटण दाबून संगणक बंद करावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र काढणारा सुटा भाग, बसवायला सांगितले आहे. कापसाच्या पैशांतले २२ हजार रुपये शिल्लक आहेत. आई म्हणते, खेळ काढून टाक. वाचक विचारतात : कार्ड घेऊ, की सगळे मॉड काढू? मॉड काढले तर बाबा शेजारी बसणार नाहीत, अशी त्यांना भीती वाटते.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना मलाही प्रश्न कार्डाचा वाटला. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्यापाशी थांबलो. खेळात ट्रक घाटात अडकला की बाबा म्हणतात, “गाडी बंद पडली का आंधी खाली उतराव, टायर पाहाव, डिझेल पाहाव. इंजिनाले नावं मंग ठेवाव.” तुम्ही आणि तो दुकानदार, दोघांनीही थेट इंजिनालाच नाव ठेवले आहे. तेव्हा २२ हजारांना सध्या हात लावू नका आणि मॉडही सरसकट काढू नका. आधी खाली उतरून पाहू या.

तुमच्या पत्राचा सगळा डोलारा ‘संगणक जुना झाला’ या गृहीतकावर उभा आहे, आणि तेच मला पटत नाही. हाच संगणक, हाच खेळ आणि यांतले बरेचसे मॉड दोन वर्षे चालत होते. यंत्र पंधरा दिवसांत एवढे म्हातारे होत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा, की एप्रिलच्या पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यांच्या मध्ये काय बदलले? पत्रातूनच मला तीन गोष्टी दिसतात. मित्राच्या पेन ड्राइव्हमधून तुम्ही अकरा नवे मॉड घेतले. त्याच सुमारास स्टीमने, म्हणजे ज्या सेवेतून हा खेळ घेतला जातो तिने, खेळाची नवी आवृत्ती उतरवून घेतली, आणि त्यात दिवसाचा सगळा मोबाइल डेटा संपला म्हणून तुम्ही चिडलेलाही आहात. तिसरी गोष्ट म्हणजे ऊन वाढले. यांपैकी एकावरही नवे कार्ड हा उपाय नाही.

आता ‘हँग झाला’ या शब्दाकडे वळू. आपण हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या अवस्थांना वापरतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. एका अवस्थेत संगणक काम करत असतो, फक्त फार हळू. दुसरीत तो एखाद्या फाइलपाशी खरोखर अडलेला असतो. तिसरीत यंत्र स्वतःच, उष्णतेने किंवा स्मरणशक्ती (रॅम) संपल्याने, धापा टाकत असते. लोडिंगची पट्टी थांबली म्हणजे काम थांबले असे नव्हे. मोठा नकाशा घातलेला असेल आणि संगणकात जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल, तर मॉडमध्ये बदल केल्यानंतरचे पहिले लोडिंग आठ-दहा मिनिटेही घेऊ शकते. तेवढ्या वेळात विंडोज खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे लिहून मोकळे होते आणि आपला हात बटणाकडे जातो. त्याऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘डिस्क’चा रकाना पाहा. तिथला आकडा सतत वर असेल तर खेळ अजून फाइली वाचतो आहे, त्याला वाचू द्या आणि तुम्ही चहा घेऊन या. आकडा शून्याजवळ येऊन पाच मिनिटे तसाच राहिला, तर मात्र तो अडला आहे. मग तिथूनच खेळाची ओळ निवडून ‘एंड टास्क’ करा. संगणकाचे बटण दाबून धरण्याची सवय आजपासून सोडा, कारण हार्ड डिस्क लिहीत असताना वीज तोडली तर खेळाची प्रोफाइल (तुमची जपलेली प्रगती) खराब होऊ शकते, शिवाय दिवसा भरलेले अर्जही त्याच डिस्कवर आहेत.

अडण्याची वेळ आणि जागा टिपून ठेवा. दुकानातल्या पावतीच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेत तरी चालेल. तुमच्या पत्रात दोन निराळी दुखणी एकाच नावाखाली आली आहेत. ठरावीक शहराजवळ पोचल्यावर दर वेळी गोठणे हा बहुधा नकाशाचा किंवा त्या भागात दिसणाऱ्या एखाद्या रहदारीच्या वाहनाचा दोष असतो, कारण तिथे पोचेपर्यंत ती फाइल उघडण्याची वेळच आलेली नसते. जागा कोणतीही असो, अर्ध्या-पाऊण तासाने गोठणे हा मात्र उष्णतेचा किंवा रॅम भरत गेल्याचा प्रकार असण्याची शक्यता अधिक. आणखी एक तिसरा प्रकार तुमच्याकडे नसला तरी इतर वाचकांसाठी सांगतो : दर काही सेकंदांनी बारीक हिसका बसतो. त्यामागे पुष्कळदा असा मॉड असतो जो चालू असताना सतत चुका करत राहतो आणि खेळ त्या चुका एका फाइलीत लिहीत बसतो.

ती फाइल म्हणजेच तुमचा खरा मिस्त्री. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये खेळाच्या नावाचा फोल्डर आहे, त्यात ‘गेम.लॉग.टीएक्सटी’ नावाची साधी मजकुराची फाइल असते आणि ती नोटपॅडमध्ये उघडते. खेळ सुरू झाल्यापासून त्याने काय काय उघडले, कुठे ठेच लागली, हे सगळे ओळीओळीने आणि वेळेसकट त्यात लिहिलेले असते. लोडिंग अडल्यावर खेळ बंद करा आणि पुन्हा सुरू करण्याआधी या फाइलीची प्रत दुसरीकडे ठेवा, कारण प्रत्येक नव्या सुरुवातीला खेळ जुनी नोंद पुसून नवी लिहायला घेतो. दोन-तीनदा ‘बघू, आता चालते का’ करून मग लॉग, म्हणजे ही नोंद, उघडणारा माणूस चोर निघून गेल्यावर पायांचे ठसे पुसून पोलिसांना बोलावतो, तसेच काहीसे.

लॉग उघडल्यावर घाबरू नका. धडधाकट चालणाऱ्या खेळातही ‘एरर’ शब्द असलेल्या ओळी सापडतात. अमुक चित्र मिळाले नाही, तमुक आवाज सापडला नाही, अशा त्या तक्रारी असतात आणि खेळ त्यांच्यासकट पुढे जातो. तुम्हाला हवा आहे तो शेवट. शेवटच्या पंधरा-वीस ओळी वाचा. त्यांत फाइलीचा पत्ता तिरक्या रेघांनी तोडून लिहिलेला असतो. त्यात ‘व्हेइकल’ आणि ‘ट्रक’ असे शब्द असतील तर संशय ट्रकच्या मॉडवर, ‘मॅप’ असेल तर नकाशावर, ‘साउंड’ असेल तर त्या हॉर्नवर, ज्याच्याबद्दल तुम्ही एवढ्या कौतुकाने लिहिले आहे. पुष्कळ मॉड बनवणारे आपल्या फोल्डरला स्वतःचे टोपणनाव देतात, ते त्या पत्त्यात दिसले की अपराधी सापडलाच म्हणून समजा. इंग्रजी वाचायला अवघड जाते असे तुम्ही लिहिले आहे. पण ही इंग्रजी भाषा नव्हे, हे पत्ते आहेत, आणि दिवसभर लोकांचे अर्ज भरणाऱ्या माणसाला पत्ता वाचता येत नाही हे मी मानणार नाही.

लॉगने नाव सांगितले नाही, तर निम्मे-निम्मे करण्याची जुनी युक्ती वापरा. त्याआधी एक काळजी घ्या. डॉक्युमेंट्समधल्या त्या फोल्डरची, ‘मॉड’ हा जड उपफोल्डर वगळून, पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. ‘प्रोफाइल्स’च्या आत अंक आणि अक्षरांची अगम्य नावे दिसतील, ती तुमच्या प्रोफाइलचीच नावे सांकेतिक अंकांत लिहिलेली आहेत, त्यांना हात लावू नका. प्रोफाइल स्टीमच्या क्लाउडवर ठेवली असेल, तर प्रोफाइलच्या ‘एडिट’मध्ये जाऊन आधी ती खूण काढा, म्हणजे प्रत घेण्याजोगी फाइल तुमच्याच डिस्कवर येईल. मग खेळात एक नवी, रिकामी प्रोफाइल उघडा आणि सगळे प्रयोग तिच्यावर करा. बाबांच्या प्रोफाइलवर प्रयोग करून, ट्रकचा मॉड नसताना सेव्ह झाले, तर दोन वर्षे जपलेला तो ट्रक गॅरेजमधून नाहीसा होऊ शकतो, आणि त्याचे उत्तर तुम्हाला घरातच द्यावे लागेल.

नव्या प्रोफाइलवर एकही मॉड न लावता खेळ सुरू करा. तो तसाही अडला तर मॉड निर्दोष आहेत. स्टीममध्ये खेळाच्या ‘प्रॉपर्टीज’मधून फाइलींची तपासणी करून घ्या, त्यात बिघडलेला तेवढाच भाग पुन्हा उतरवला जातो. नीट चालला, तर ६३ पैकी निम्मे लावा. अडला तर दोष त्या निम्म्यात, नाही अडला तर उरलेल्यात. ज्या भागात दोष आहे त्याचे पुन्हा दोन भाग करा. असे करत गेलात तर सहा फेऱ्यांत एका मॉडवर येऊन थांबाल. तुमचे एक लोडिंग आठ मिनिटांचे धरले, तर एकेक मॉड तपासायला आठ तासांहून जास्त लागतील आणि या पद्धतीने सुमारे पाऊण तास. मात्र काही मॉड जोडीने किंवा संचानेच चालतात, मोठ्या नकाशाचे तीन-चार तुकडे असतात किंवा ट्रकच्या मॉडला आधाराचा दुसरा पॅक लागतो; त्यांची ताटातूट करू नका, संच एकच मॉड समजून मोजा. आणि दोन्ही निम्मे वेगवेगळे असताना सुरळीत चालले, एकत्र आले की अडले, तर भांडण दोन मॉडमधले आहे. माझा पहिला संशय दोन नकाशांवर राहील, ज्यांनी एकाच भूभागावर आपापले रस्ते आखले आहेत. गावात बांधावरून जे होते तेच तिथे होते, फक्त तिथे तलाठी नसतो.

तलाठ्याचे काम थोडेफार खेळातला मॉड मॅनेजर, म्हणजे मॉड लावण्या-काढण्याचा पडदा, करतो. त्यात उजवीकडच्या यादीत जो मॉड वर असतो त्याचे म्हणणे खालच्यापेक्षा खरे मानले जाते. म्हणून आवाज, हवामान, दिसण्याचे बारीकसारीक मॉड वर, ट्रक आणि रहदारी मध्ये, नकाशे तळाशी, असा सर्वसाधारण क्रम ठेवतात. दोन नकाशे जोडणारा दुवा असेल तर तो त्या नकाशांच्या वर. पण नकाशा बनवणाऱ्याने स्वतःचा क्रम लिहून दिला असेल, तर माझे ऐकू नका, त्याचे ऐका. त्याच वर्णनात त्या नकाशाला खेळाचे कोणते विकतचे जादा भाग (डीएलसी) लागतात हेही दिलेले असते. ते न वाचता नकाशा लावणे हे अडण्याचे फार साधे आणि फार वारंवार दिसणारे कारण आहे.

आवृत्तीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तुमच्या बाबतीत मला तोच सर्वांत बलवान वाटतो. हा खेळ २०१२ साली आला. प्राग शहरातली एससीएस सॉफ्टवेअर ही त्याची निर्माती संस्था आजही त्याच्या नव्या आवृत्त्या काढत असते, आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीत आतली रचना थोडीफार बदलते. जुन्या आवृत्तीसाठी बनवलेला ट्रक नव्यात चालेलच असे नाही. मॉड मॅनेजर अशा मॉडवर सूचनेची खूण दाखवतो, पण बनवणाऱ्याने आवृत्ती लिहिलीच नसेल तर खूणही दिसत नाही. लॉगच्या अगदी सुरुवातीला खेळाची आवृत्ती लिहिलेली असते. ती पाहा आणि प्रत्येक मॉडच्या वर्णनाशी ताडून पाहा. तुमचा आवडता नकाशा अजून नव्या आवृत्तीसाठी आलेला नसेल, तर स्टीममध्ये खेळाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘बीटाज’ नावाचा विभाग आहे. तिथून खेळाची आधीची आवृत्ती निवडता येते. नाव बिचकवणारे असले तरी ही सोय अशाच अडचणींसाठी आहे. पुढच्या वेळी अशी फसगत होऊ नये म्हणून खेळ आपोआप अद्ययावत न होता सुरू करतानाच व्हावा, असा पर्याय तिथेच आहे. सुरू करण्याआधी मॉडची खबर घेण्याची सवय मात्र तुम्हाला लावून घ्यावी लागेल.

पेन ड्राइव्हवरच्या अकरा मॉडबद्दल थोडे. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइल डेटावर कोणी दोन जीबीचा नकाशा उतरवला, मध्येच रेंज गेली, दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा आला, तर फाइलीचे नाव पूर्ण असते आणि पोट अर्धे. फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये बाइटपर्यंत आकार दिसतो, तो तुमच्या मित्राने जिथून उतरवली तिथल्या आकाराशी जुळवा. किंचितही फरक असेल तर फाइल टाकून द्या.

आता उन्हाकडे. तुमचे घर कापसाच्या जिनिंग गिरणीपासून दोन शेतांवर आहे असे लिहिले आहे, आणि कॅबिनेट दोन वर्षांत कधी उघडले असे कुठे लिहिलेले नाही. मागच्या उन्हाळ्यात हिंगणघाटजवळच्या एका परिचितांचा संगणक असाच पाऊण तासाने गोठत असे. कॅबिनेटची बाजू काढली तेव्हा आतून काही विशेष दिसले नाही. प्रोसेसरवरचा पंखा चार खटके सोडवून उचलला, तेव्हा त्याखाली धातूच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा करड्या रंगाचा एक चौकोनी थर बसलेला होता, इतका घट्ट, की नखाने एका कोपऱ्यातून उचलल्यावर तो अखंड निघाला, जुन्या गादीतला कापूस निघावा तसा. पंखा फिरत होता, पण हवा खाली जातच नव्हती. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत काय होत असेल याची कल्पना करा. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो संगणक जुना झाला.

तुम्ही हेच करून पाहा. संगणक बंद करून भिंतीतला प्लग काढा, रंगकामाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश घ्या, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा म्हणजे ते उलटे गरागरा फिरणार नाही, आणि वरवरची धूळ बाहेरच्या दिशेने काढा. प्रोसेसरवरचा पंखा उचलण्याचे काम पहिल्यांदा माहीतगाराकडूनच करून घ्या, कारण त्याबरोबर खालचा धातूचा ठोकळा हलला की त्याखालची थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) नवी लावावी लागते. साफसफाईनंतर रात्री दहाला आणि दुपारी तीनला तोच रस्ता खेळून पाहा. दुपारीच गोठत असेल तर उष्णता हे कारण पक्के झाले. मग उन्हाळाभर रात्री खेळा आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

विजेबद्दल तुम्ही स्वतःच लिहिले आहे, की शेतीपंप सुरू झाले की दिवे मंद होतात. तसल्या विजेवर दुकानाचा संगणक यूपीएसशिवाय चालवणे योग्य नाही, आणि हे मी खेळासाठी सांगत नाही. तुमच्याकडचा यूपीएस बॅटरी संपल्याने नुसता डबा होऊन पडला आहे असे म्हणता. त्याची बॅटरी बदला, ती स्वतंत्र मिळते.

इथे मला तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीवर बोलावे लागेल, आणि जरा स्पष्ट बोलेन. मॉड देणाऱ्या एका ठिकाणी सांगितले म्हणून तुम्ही अँटिव्हायरस बंद केला आणि तो अजूनही बंदच आहे. त्याच डिस्कवर गावातल्या लोकांच्या आधार कार्डांच्या, बँक पासबुकांच्या, सातबाऱ्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. या खेळाचा मॉड म्हणजे ‘एससीएस’ शेपटाची एक फाइल; ती ‘मॉड’ फोल्डरमध्ये ठेवायची, एवढेच. तिला इन्स्टॉल करावे लागत नाही. जो मॉड ‘ईएक्सई’ फाइल चालवायला सांगतो, अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, तो मॉड नाही. अँटिव्हायरस आजच सुरू करा, पूर्ण डिस्क तपासून घ्या, पेन ड्राइव्हही तपासा. खेळासाठी विंडोजमध्ये वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते उघडा, आणि काम झाल्यावर ग्राहकांच्या प्रती पुसून टाका. तुम्हाला त्या जपून ठेवायचे कारणच नाही. शिवाय सी ड्राइव्हवर फक्त चार जीबी जागा उरली असल्याचे तुम्ही लिहिले आहे. विंडोजला रॅम कमी पडली की ती डिस्कचा काही भाग उसना घेते. जागाच नसेल तर उसने कुठून मिळणार? ८ जीबी रॅम असलेल्या यंत्रात एवढे एकच कारण खेळ गोठवायला पुरे आहे. कोणा मेकॅनिकने ‘स्पीड वाढवायला’ ही उसनवारी, म्हणजे व्हर्च्युअल मेमरी, बंद करून ठेवली असेल, तर तीही पुन्हा विंडोजच्या हवाली करा.

एवढे करूनही खेळ जड वाटला तर खर्चाचा विचार करा, पण क्रम वेगळा ठेवा. सर्वांत आधी एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क), कारण लोडिंगचा वेळ तीच कमी करते, आणि दुकानातला पहिला अर्जही सकाळी लवकर उघडेल. त्यानंतर रॅमची दुसरी पट्टी. तुमच्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्याने चित्र काढणारा भाग हीच रॅम वापरतो, आणि जोडीने बसवलेल्या दोन पट्ट्या त्याला एकट्या पट्टीपेक्षा बऱ्याच मोकळ्या पडतात. कार्ड त्यानंतर, आणि तेही एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा आहे हे पाहिल्याशिवाय नको. सुटे भाग जोडून घेतलेल्या स्वस्त कॅबिनेटमधला एसएमपीएस पुष्कळदा नव्या कार्डाचा भार पेलत नाही, मग कार्डाबरोबर तोही बदलावा लागतो, आणि ही गोष्ट दुकानदार पैसे घेतल्यावर सांगतो. खेळाच्या सेटिंगमध्ये ‘स्केलिंग’ शंभर टक्क्यांवर आणा, सावल्या कमी करा. आरशांची प्रत खाली आणा, कारण प्रत्येक आरशात खेळाला तो रस्ता पुन्हा एकदा रंगवावा लागतो. पण आरसे बंद करू नका, तुमच्या बाबांना ते खपणार नाही.

राहिले बाबा. मॉड काढले तर ते बसणार नाहीत, हे तुम्ही त्यांना विचारलेले नाही. तुम्हीच ठरवले आहे. ६३ ची यादी कागदावर लिहा आणि एका संध्याकाळी त्यांच्यासमोर वाचा. आकाशातले ढग अधिक रेखीव करणारा मॉड, युरोपातल्या पेट्रोल पंपांच्या पाट्या बदलणारा मॉड, सहा प्रकारच्या स्टिअरिंगची कव्हरे, हे त्यांनी मागितले होते का? माझा अंदाज असा, की त्यांना एक ट्रक, एक हॉर्न आणि हिंगणघाट-पांढरकवडा रस्त्यासारखा दिसणारा रस्ता पुरेल. ते जे निवडतील ते आधी लावा, आठवडाभर चालवा, मग तुमच्या हौसेचे एकेक वाढवत जा, आणि प्रत्येक मॉड लावल्याची तारीख त्याच कागदावर टाका. पुढच्या वेळी काय बदलले हे मला विचारायची गरज राहणार नाही.

आणि हे सगळे जुळून येईपर्यंत संध्याकाळी खुर्ची रिकामी ठेवू नका. मूळ खेळात, एकही मॉड न लावता, ब्रिटन आहे, आणि तिथे आपल्यासारखेच डाव्या बाजूने गाडी चालवतात. ट्रकही उजव्या स्टिअरिंगचा घेता येतो. पर्यायांमध्ये गिअर हाताने बदलण्याची पद्धत निवडा, लंडनहून ग्लासगोचा माल उचला आणि चढावर गिअर केव्हा उतरवायचा हे त्यांना सांगू द्या. आईंनाही एकदा शेजारी बसवा. पत्रात त्यांचा राग खेळावर दिसतो, पण मला तो रात्री अकराला बटण दाबून बंद होणाऱ्या दुकानाच्या संगणकावरचा वाटला, आणि तो रास्त आहे.

निम्मे-निम्मे करूनही उत्तर निघाले नाही, तर लॉगच्या शेवटच्या वीस ओळी जशाच्या तशा मला पाठवा. त्यात तुमच्या विंडोज खात्याचे नाव आले असेल तर तेवढे खोडा. आणि बाबांनी कोणता हॉर्न ठेवला, तेही कळवा.